चंद्राची माती आणि माझी चिमूट

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी लागली! चौऱ्याहत्तराव्या वर्षी! या वयात घरचे माणसाला भाजी निवडण्यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि मला प्रयोगशाळेने बोलावून घेतलं. काम ओळखीचंच — चाळायचं. काय चाळायचं? चंद्रावरची माती.

मास्तरीणबाई, हसायचं नंतर. आधी लिहा.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई लिहितात. शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण हातात वही आली की अजून त्यांची पाठ ताठ होते. अट एकच — यातलं अक्षर बाहेर गेलं, तर त्यांच्या मांजराचं आमच्याकडचं दूध बंद. मांजर त्यांना जिवापाड आहे. तेव्हा ही वही सुरक्षित आहे.

तर नोकरी. माझी नात त्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहे. घरात आम्ही दोघीच. तिथे म्हणे चंद्रावरची धूळ यंत्राने चाळायला गेलं की चाळणी तुंबते आणि दर खेपेला थोडी धूळ हरवते. तेव्हा नात सगळ्यांसमोर म्हणाली, "माझी आजी चाळीस वर्षं तपकिरीच्या कारखान्यात चाळणीवर होती. तिच्या हातून कण सांडत नाही." झालं! मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. कसलंसं पीठ पुढे ठेवलं. मी चाळलं. त्यांनी वजन केलं. आधी जेवढं, नंतरही तेवढंच. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मग फॉर्म. नातीनेच भरला. चौदावा प्रश्न तिने मोठ्याने वाचला — तंबाखू, विडी, तपकीर यांपैकी काही घेता का? मला विचारलंसुद्धा नाही. "नाही" लिहिलं आणि माझ्याकडे अभिमानाने बघितलं. मी अंगठा दिला.

आता खरं सांगते. गेल्या वर्षी डॉक्टरने ओरडा केला, तेव्हा नातीने माझी पितळेची डबी काढून घेतली. गटारात टाकते म्हणाली. माझ्याकडून शपथ घेतली. मी म्हटलं, "तुझ्या नोकरीची शपथ, आजपासून तपकीर बंद." महिनाभर पाळली. महिनाभर! नंतर कोपऱ्यावरच्या दुकानातून पत्र्याची लहान डबी आणली. चष्म्याच्या घरात बरोबर बसते. मी चष्मा लावत नाही, हे आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

मास्तरीणबाईंनी नाक मुरडलं. तेही लिहा.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिला दिवस. आधी कपडे बदलायची खोली. मला नखशिखांत पांढऱ्यात गुंडाळलं. टोपी, मास्क, हातमोजे. मी आरशात बघून म्हटलं, "शेवटी नेतात तेव्हा असंच गुंडाळतात. पण तेव्हा निदान तोंड उघडं असतं." नात म्हणाली, "आजी, पहिल्या दिवशी तरी बरं बोल."

कपाट दोघींत एक. वर तिची पर्स, खाली माझ्या चपला आणि चष्म्याचं घर.

आत काचेची पेटी. तिला दोन लांब रबरी हात आतल्या बाजूला लोंबतात. आपण बाहेरून त्यांत हात घालायचे आणि आत काम करायचं. म्हणजे धूळ तिच्या जागी, आपण आपल्या जागी. पेटीत आपली हवासुद्धा नाही, वेगळाच वायू. आपल्या हवेने ती बिघडते म्हणे. एवढी नाजूक!

आणि ती माती! किती? चहाच्या चमच्यात मावेल. रंग राखेचा.

"ही आणायला यंत्र तिथवर गेलं?" मी विचारलं.

"आजी, ही माती तीन अब्ज वर्षं जुनी आहे."

"मग शिळीच की."

नात मला समजावून सांगत होती. तिथे वारा नाही, पाणी नाही. कण कशावर घासला जात नाही, म्हणून प्रत्येकाची टोकं काचेच्या चुऱ्यासारखी शाबूत. एकमेकांत अडकतात आणि चाळणी तुंबते. मी म्हटलं, "कळलं. सासरी न गेलेल्या पोरी." नातीचं अजून लग्न व्हायचंय. तिने मला हात पेटीत घालायला सांगितलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चाळणी हलवायची नसते, हे या शिकल्यासवरल्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चाळणी स्थिर धरायची आणि काठावर टिचकी मारायची. कण आपली वाट आपण शोधतो. घाई केली की गर्दी करतो, माणसासारखाच. चार दिवसांत मी तीन चाळण्या उतरवल्या. एक कण इकडचा तिकडे नाही.

जाळीला चिकटलेलं कुंचल्याने काढायचं. कुंचला धुऊन, वाळवून, पाकिटात बंद होऊन येतो. पेटीच्या खणातून आत सरकवण्याआधी मी हातमोजा काढते आणि कुंचल्याचे केस चिमटीत फिरवून टोक वळवून घेते. कारखान्यातली सवय. विस्कटलेला कुंचला कण उडवतो, आणि मोजा घालून केस वळत नाहीत. नातही तसंच करते. लहानपणी ती चित्रं रंगवायची तेव्हा मीच शिकवलंय. मोठे साहेब मागे उभे राहून बघतात. बोलत नाहीत. हसणं तर लांबच. मी त्यांचं नाव गंभीरराव ठेवलंय. तोंडावर साहेब.

आज कारखाना फार आठवला. नव्या पोरी यायच्या, त्या आठ दिवस नुसत्या शिंकायच्या. मुकादमीण म्हणायची, "शिंका सरल्या की पगार सुरू." खरंच आहे ते. नवखा माणूस चिमूटभर तपकिरीला शिंकला नाही असं होत नाही. निदान वर्षभर रोज ओढावी लागते, तेव्हा कुठे नाक मुरतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानदार म्हणाला, "आजी, या महिन्यातली ही दुसरी डबी!" पूर्वी एक डबी महिनाभर जायची. आता आठवडा पुरत नाही. म्हातारपणी चिमूट सैल होते असं दिसतं.

नातीची सर्दी काही हटत नाही. वर्ष झालं, रुमाल सतत नाकाशी. प्रयोगशाळेतली गार हवा, दुसरं काय!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

इथे एक रसायनवाला आहे. प्रत्येक गोष्ट तीनदा करतो. दार तीनदा ओढून बघतो, चहात साखर आहे का ते तीनदा विचारतो. मी त्याला तीनदा म्हणते. त्याच्या ताब्यात एक यंत्र आहे. मातीची चिमूट त्यात टाकायची. यंत्र ती भाजतं, वाफ आत ओढतं आणि त्यात काय काय आहे ते सांगतं.

मी म्हटलं, "म्हणजे तेही ओढतंच की! फक्त त्याला कोणी शपथ घातली नाही." नातीला ऐकू गेलं नाही. देवाची कृपा.

तर दुपारी हा तीनदा धावत आला. टोपी वाकडी, मास्क गळ्यात. "निकोटिन!" म्हणाला. मग पुन्हा, "निकोटिन!" सगळे तिसऱ्यांदा म्हणायची वाट बघत थांबले. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा गंभीरराव उठून उभे राहिले.

मी नातीला हळूच विचारलं, निकोटिन म्हणजे कोण? ती म्हणाली, "तंबाखूत असतं ते." आणि तिचा चेहरा पांढऱ्या कपड्यांपेक्षा पांढरा झाला.

माझाही झाला असणार. मास्क होता म्हणून बरं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बैठक. त्या खोलीत अकरा माणसं जातात. अकरांचे फॉर्म मागवले. चौदाव्या प्रश्नापुढे अकरांचं "नाही."

गंभीरराव म्हणाले, "आपल्यातलं कोणीही तंबाखूला शिवत नाही, हे कागदोपत्री सिद्ध आहे. माती यंत्राने उचलली, यंत्राने आणली. यंत्र तंबाखू खात नाही. मग राहिलं कोण? चंद्र."

मला वाटलं, आता सगळे हसतील. सगळ्यांनी लिहून घेतलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात अख्खा चंद्र! पण म्हटलं, नसेलही आपली. जगात तंबाखू काय फक्त माझ्याच डबीत आहे? एवढे मोठे लोक म्हणतात चंद्रावर आहे, तर असेलही.

मास्तरीणबाई म्हणतात, स्वतःची समजूत चांगली घालता. म्हटलं, चाळीस वर्षं वस्त्रगाळ करण्याचा सराव आहे. नको ते वरच्या वर राहतं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

माझी बढती झाली.

चंद्रावरच्या तंबाखूचा विचार करायला उपसमिती नेमली. त्यात कोणालाच तंबाखूतलं कळत नाही! फॉर्मवर सगळेच निर्मळ. मग नातीने सांगितलेलं गंभीररावांना आठवलं — आजी, कारखाना, चाळीस वर्षं. आता मी उपसमितीवर तज्ज्ञ सदस्य. खुर्चीला हात आहेत. समोर पाण्याची बाटली.

"आजी, तुमचं मत काय?" गंभीररावांनी विचारलं. पुढ्यात तीनदाच्या यंत्राने काढलेला कागद. त्यावर डोंगरासारख्या रेघा. मला अक्षर येत नाही, तिथे डोंगर काय येणार! पण पहिला डोंगर फारच उंच होता. मी म्हटलं, "दर्जा चांगला दिसतोय."

लिहून घेतलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

संपलं सगळं.

तीनदा आज पुन्हा आला. पण धावत नाही, हळूहळू. म्हणाला, "आणखी एक सापडलंय. तीनदा बघितलं. पुदिन्याचा अर्क."

चंद्रावर तंबाखू एक वेळ समजू. पण पुदिना?

माझ्या डबीवर झाडाचं हिरवं चित्र आहे. दुकानदार त्याला थंडावावाली म्हणतो. मी ती ओढते कारण तिने डोकं मोकळं होतं. आज मात्र डोकं असं गच्च झालं की विचारू नका. माझी चिमूट, त्याच चिमटीत कुंचल्याचं टोक, तो कुंचला पेटीत, पेटीतून मातीत. एका क्षणात सगळी वाट दिसली. कण आपली वाट आपण शोधतो!

गंभीरराव मात्र खूश. म्हणाले, "म्हणजे एक नाही, दोन वनस्पती! बागच म्हणा." आणि हसले. त्यांचे दात मी पहिल्यांदाच बघितले. बारीक आहेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आरोग्यखात्याची बाई येऊन गेली. म्हणाली, आत काय आहे, कुठून आलं, हा आमचा प्रश्न नाही. तंबाखू असलेल्या प्रत्येक डबीवर इशारा पाहिजे म्हणजे पाहिजे. मग माती ठेवलेल्या करंगळीएवढ्या काचनळीवर लाल कागद गुंडाळून चिकटवला — "आरोग्यास घातक." आता आतली माती दिसतच नाही. जाताना दारावर धूम्रपान बंदीची पाटीही ठोकायला लावली. आत हवाच नसलेल्या पेटीत कोण विडी ओढणार? तिला विचारलं. ती म्हणाली, "आजी, कोणी ओढू नये म्हणूनच तर पाटी."

बिनतोड!

२४ नोव्हेंबर, सोमवार

शुक्रवारी जाहीर करणार. मोठं सभागृह, बाहेरचे शास्त्रज्ञ, वर्तमानपत्रवाले. आणि बोलणार कोण? माझी नात! त्या मातीचं सगळं काम तिच्या नावावर आहे, म्हणून गंभीररावांनी तिलाच उभं करायचं ठरवलं.

हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आज नाही तर उद्या कोणीतरी शहाणा विचारेलच — पुदिना? मग शोधतील, माझ्यापर्यंत येतील. पण नाव माझं जाणार नाही. मी काय, डबी मिटून घरी बसेन. नाव जाईल तिचं. चंद्रावर तपकीर सापडल्याचं सांगणारी बाई! जन्मभर लोक तिला बघून नाकाला रुमाल लावतील. पाच वर्षांची असल्यापासून तिला दुसरं काही व्हायचं नव्हतं. आई-बाप गेल्यावर मी तिला काय दिलं? दोन वेळचं जेवण आणि कारखान्याच्या कागदी पिशव्या, चित्रं काढायला. त्यावर ही चंद्र काढायची. प्रत्येक पिशवीवर चंद्र. तपकिरीच्या वासाचे!

आणि मी शपथ कशाची घेतली होती? तिच्या नोकरीची.

घरी आरशासमोर भाषणाचा सराव चाललाय. "आम्हाला मातीत..." इथवर येते आणि थांबते. रुमाल नाकाला लावून आतल्या खोलीत जाते. एवढा आनंद झालाय पोरीला.

मास्तरीणबाई, तुम्ही डोळे पुसा आधी. अक्षर बिघडतंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

गंभीररावांच्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. म्हटलं, "साहेब, ती तपकीर माझी."

ते म्हणाले, "आजी, श्रेय घ्यायची घाई करू नका. तुमचं नावही येईल खाली."

"श्रेय नाही हो! मी ओढते. रोज. ती माझ्या बोटांची आहे."

त्यांनी फॉर्म काढला. "इथे तर नाही लिहिलंय."

"खोटं लिहिलंय."

"खाली तुमचा अंगठा आहे."

"अंगठ्याला काय कळतंय काय लिहिलंय ते? त्याच अंगठ्याने तर ओढते!"

त्यांनी फॉर्म परत फाइलमध्ये ठेवला. मग हळूच म्हणाले, "आजी, एक फॉर्म खोटा ठरला तर अकराही खोटे ठरतात. अकरा खोटे ठरले तर ही प्रयोगशाळा कशावर उभी आहे?" आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी नवा सूट शिवायला टाकलाय."

सांगून पटत नसेल तर दाखवावं लागेल. मास्तरीणबाईंवर आधी करून बघितलं. नुसती डबी उघडून नाकाखाली धरली. नऊ शिंका! वहीवर हा शाईचा जो ओघळ आहे, तो पाचव्या शिंकेचा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज शेवटची बैठक. लांब टेबल, सगळे हजर. गंभीरराव नव्या सुटात. उद्यासाठी सवय करत होते.

"कोणाला काही सांगायचंय?" त्यांनी रीत म्हणून विचारलं.

मी उठले. आणि त्याच क्षणी, टेबलाच्या त्या टोकाला नातही उठली! दोघी एकदमच म्हणालो, "मला सांगायचंय."

ही आता भाषणच सुरू करते की काय! मी म्हटलं, "तू बस." ती म्हणाली, "आजी, नको, मला बोलू दे." म्हटलं, "बस म्हटलं ना!" पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. ती बसली.

मी चष्म्याचं घर उघडलं. त्यातून डबी काढली. झाकण उघडलं आणि टेबलावर गंभीररावांपुढे सरकवली.

"ही चंद्राची माती," म्हटलं. "पुदिन्यासकट."

गंभीरराव खाली वाकून बघायला गेले. माणूस शास्त्रज्ञ आहे, बघणारच. पहिली शिंक सुटावर. अकरा मोजल्या मी. शेजारच्याने डबी ओढून घेतली, तो शिंकला. मग त्याच्या शेजारचा. टेबलाच्या कडेकडेने शिंक फिरत गेली. तीनदाने वास घेतला आणि नियमाप्रमाणे तीनदा शिंकला. थांबला. सगळे थांबले. मग चौथी आली! आयुष्यात पहिल्यांदा हिशेब चुकला त्याचा. बिचारा खालीच बसला. कोणी हसतंय, कोणी रडतंय, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, तेव्हा कोण काय करतंय कळेना. डबी नातीपर्यंत पोचायच्या आत ती रुमाल तोंडाशी धरून बाहेर निघून गेली.

मी सगळं सांगितलं. शपथ, चष्म्याचं घर, कुंचल्याचं टोक. आणि म्हटलं, "पोरीला यातलं काही ठाऊक नाही. तिने विश्वासावर 'नाही' लिहिलं. चूक माझी, बोट माझं, नाक माझं."

गंभीरराव नाक पुसत म्हणाले, "फॉर्म दुरुस्त करावा लागेल." आणा म्हटलं. दुरुस्तीवर पुन्हा अंगठा दिला. सवयीने तीनदाने तो ठसाही यंत्रात घालून बघितला.

निघाली. पुदिन्यासकट.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सभा रद्द. मी घरी. माझं आवराआवरीचं काम एकच, चष्म्याचं घर परत आणणं.

नातीला लेखी ताकीद. आजीला आणलं म्हणून. नोकरी तूर्त आहे.

काचनळीवरचा लाल कागद तसाच राहणार. चिकटवायचा फॉर्म आहे, काढायचा नाही.

१ डिसेंबर, सोमवार

चार दिवस नात माझ्याशी बोलत नाही. जेवते, ताट उचलते, खोलीत जाते. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. काल म्हटलं, "शपथ मोडली, चुकलं माझं. काय ती शिक्षा दे." तिने माझ्याकडे असं बघितलं की मलाच कसंतरी झालं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग म्हणाली, "चहा ठेवू का?"

फार दुखावली आहे पोर.

आता सगळी मदार एका नळीवर. तीनदाने येऊन सांगितलं. मी कामाला लागायच्या दोन महिने आधी नातीने एकटीने थोडी माती साफ करून वेगळ्या नळीत बंद केली होती. तिला अजून कोणी हात लावलेला नाही. ती नळी उघडून तपासणार. ती स्वच्छ निघाली की नातीचं सगळं जुनं काम स्वच्छ, आणि तिची नोकरी पक्की. दोष तेवढा म्हातारीचा.

मी म्हटलं, "उघडा बिनधास्त! मी तोवर त्या इमारतीचा उंबराही बघितला नव्हता." नातीच्या हातातली बशी खाली पडली.

५ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी तीनदा आला. नात आत होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "त्या नळीतही आहे. पुदिना नाही, पण तपकीर आहे. अजून वर कळवलं नाही. आजी, नोकरीआधी तुम्ही कधी प्रयोगशाळेत आला होता का?"

"आले होते ना," मी म्हटलं. "डबा द्यायला. नात कुंचला धूत होती, तो मीच वळून दिला."

"शपथेवर सांगता?"

"शपथेवर. माझ्या शपथेचा दर्जा तुम्हाला ठाऊकच आहे." त्याने तीनदा माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

तो गेल्यावर नात बाहेर आली. हातात माझी जुनी पितळेची डबी. गटारात टाकलेली! मी ती तिच्याकडून घेतली. झाकण उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने न बघता चिमूट घेतली आणि ओढली.

शिंकली नाही.